पाणी चार-पाच दिवसांआड येतं, मग सोलापुरात रोज एवढं सांडपाणी कुठून येतं?

तुम्ही विचारलंय की नळ चार-पाच दिवसांआड येतो, तरी ड्रेनेज रोज कसं वाहतं आणि ते पाणी शेवटी जातं कुठं.

नळ रोज येत नसला तरी आंघोळ, भांडी, धुणं रोजचंच. हौदात, बॅरलमध्ये साठवलेलं पाणी दिवसभर मोरीतून बाहेर पडत राहतं. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होतं, हे धरूनच ड्रेनेज लाईनची आखणी करतात. ही लाईन उतारावर चालते. पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगानं वाहिलं तर गाळ बसत नाही. आपल्याकडं लोक पाणी जपून वापरतात, धार बारीक राहते, म्हणून चेंबर लवकर तुंबतात. वर त्यात प्लॅस्टिक पडलं की संपलंच.

पुढं हे पाणी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रावर जातं. देगावचं केंद्र सगळ्यांत मोठं, दिवसाला ७५ दशलक्ष लिटर क्षमतेचं. प्रतापनगर आणि कुमठ्यालाही लहान केंद्रं आहेत. आधी जाळीवर कचरा अडतो, मग वाळू खाली बसते. खरं काम त्यानंतर, हवेच्या टाकीत. तिथं तळातून हवा सोडतात आणि जिवाणू पाण्यातली घाण खातात.

मी अशाच एका केंद्राच्या लॅबमध्ये काही वर्षं होतो. रोज सकाळी हवेच्या टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या उभ्या नळीत भरून ३० मिनिटं ठेवायचं. आधी सगळं चहासारखं तपकिरी दिसतं. हळूहळू कापसासारखे पुंजके जमतात, खाली बसतात आणि वर नितळ पाणी उरतं. ते पुंजके म्हणजेच जिवाणू. टाकी नीट चालत असली की ओल्या मातीसारखा वास येतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला की समजायचं, हवा कमी पडतेय.

एकदा पहाटे टाकीत येणारं पाणी गडद जांभळं होतं. कुणीतरी रात्री रंगाईचं पाणी तसंच लाईनीत सोडलं होतं. घरगुती सांडपाण्यातले जिवाणू असले रंग सहसा पचवू शकत नाहीत. नितळलेलं पाणीसुद्धा जांभळंच बाहेर पडताना बघून जीव तुटला. चादर आणि टॉवेलवर जगणारं आपलं गाव, रंगाई बंद करा असं कोण म्हणेल? पण ते पाणी कारखान्यातच वेगळं शुद्ध करून मग सोडायला हवं.

शुद्ध झालेलं पाणी नाल्यानं सीनेला मिळतं, आणि सीना हत्तरसंग कुडलला भीमेत. जी घरं अजून लाईनीला जोडलेली नाहीत, त्यांचं पाणीही नाल्यातून तिथंच जातं, पण टाकी न बघताच. माझ्या मते सगळ्यात आधी पैसा तिथं, त्या जोडण्यांवर खर्च व्हावा.