हाफ मॅरेथॉन जाहीर केलीस, आता थोडं ऐक

ग्रुपवर तू ‘यंदा २१ किलोमीटर’ असं टाकलंस आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. छान वाटलं ना? गोम तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं की ‘मला अमुक व्हायचंय’ या इराद्याची दुसऱ्यांनी दखल घेतली, की माणूस त्यासाठी कमी राबतो. न करताच निम्मं झाल्यासारखं वाटतं. ठाण्यात उपवन तलावाकाठी बघ, नवे बूट, नवं घड्याळ, सेल्फी, मग थेट वडापाव.

‘नियमित पळेन’ हे ध्येय नव्हे. जर-तर ठरव, हेही गोलविट्झरांचंच: गजर वाजला तर फोन न बघता बूट चढवायचे, पाऊस असला तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या. पहाटे डोकं चालवायची वेळच येऊ द्यायची नाही.

आणि घड्याळ थांबवून दम खायचा नाही. वेग झकास दिसतो, पण फसतो कोण? चाललेलं अंतर वहीत वेगळं लिही, लाज वाटली तरी. रविवारी येऊरचा चढ मारला म्हणून सोमवार ते शनिवार माफ, हा हिशोब तर सगळेच करतात.

मंगळवारी वही घेऊन ये. २१ चा आकडा त्यानंतर ठरवू, कदाचित आधी १० च.