रवांडा शिकवताना

चि. …
अनेक आशीर्वाद.

टाचण वाचलं. नववीच्या मुलांना आफ्रिकेतल्या रवांडाचा वंशसंहार शिकवायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पण ‘१९९४ मध्ये दोन जमातींमधलं जुनं वैर उफाळून आलं’ ही तुझी पहिली ओळ आधी खोड. वैर उफाळलं म्हटलं की दोषी कुणीच उरत नाही. पूर यावा तसं काहीतरी येऊन गेलं, असं मुलांना वाटतं. रवांडात माणसं मेली ती कुणीतरी ठरवून मारली म्हणून. सगळा तास या एका गोष्टीभोवती बांध.

सुरुवात ओळखपत्रापासून कर. बहुसंख्य हुतू, अल्पसंख्य तुत्सी आणि मूठभर त्वा या तिन्ही जमाती एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी राहत, त्यांच्यात लग्नंही होत. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात नोंदवली. १९६२ ला देश स्वतंत्र झाला, तरी ती नोंद कुणी काढली नाही. जमातींची नावं एका ओळीत छापलेली असत आणि लागू नसतील ती खोडलेली. १९९४ च्या एप्रिलमध्ये रस्त्यारस्त्यावर अडथळे उभे राहिले, तिथे कट्टर हुतू मारेकरी हेच कार्ड मागत आणि ‘तुत्सी’ हा शब्द न खोडलेला दिसला की माणूस संपला. या कार्डाचं चित्र मुलांना दाखव, हातात दे. प्रेतांचे फोटो मात्र नकोत. भेदरलेलं मूल विचार करत नाही, आणि मेलेल्या माणसालाही इतरांसमोर मान असतो.

त्या काळी शाळांमध्ये शिक्षक हुतू मुलांना वेगळं उभं करत, तुत्सींना वेगळं. हे आपल्याच पेशातल्या लोकांनी केलं. मुलांना ते स्पष्ट सांग.

आणि त्याच पेशातल्या अगाथ उविलिंगियिमाना यांच्याबद्दलही सांग. त्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका, जमातीने हुतू. शिक्षणमंत्री असताना त्यांनी शाळाप्रवेशातली जमातवार टक्केवारी बंद करून गुणांवर प्रवेश सुरू केले. (आपल्याकडच्या आरक्षणाशी मुलं याची गल्लत करतील, तिथेच थांबव. त्या टक्केवारीने अल्पसंख्य तुत्सींना रोखून धरलं होतं.) पुढे त्या पंतप्रधान झाल्या. ६ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि ७ तारखेच्या सकाळी अगाथबाईंना ठार मारलं. त्यांच्या रक्षणाला आलेले संयुक्त राष्ट्रांचे १० बेल्जियन शांतिसैनिकही मारले गेले. कत्तल कशी आखली होती, ते यातून कळतं: अडवू शकतील अशी माणसं आधी संपवली.

तुत्सींना झुरळं म्हणणाऱ्या आरटीएलएम रेडिओबद्दल थोडक्यात सांगितलंस तरी चालेल. सुरक्षा परिषदेचा निर्णय मात्र तारखेसकट सांग: २१ एप्रिलला, कत्तल ऐन भरात असताना, शांतिसेना २७० वर आणायचं ठरलं. ठरवणं फक्त मारेकऱ्यांनीच केलं असं नाही.

साधारण १०० दिवसांत ८ लाखांहून अधिक बळी गेले. रवांडा सरकार १० लाखांहून जास्त सांगतं. हा आकडा मुलं वहीत लिहितील आणि विसरतील. म्हणून किगालीतल्या गिसोझी स्मारकाकडे वळ. तिथे अडीच लाखांवर माणसं पुरली आहेत, आणि एक दालन फक्त मुलांचं आहे. प्रत्येक फोटोखाली नाव, वय, आवडता खाऊ, आवडता खेळ, जिवलग कोण, आणि शेवटी मृत्यू कसा आला ते. बारा वर्षांच्या एका मुलीला पोहायला आवडायचं. तिची जिवलग मैत्रीण म्हणजे तिची मोठी बहीण. अशी एक पाटी वर्गात सावकाश वाच आणि मग थोडा वेळ काही बोलू नकोस.

‘तू हुतू, तू तुत्सी’ असलं नाटक वर्गात मुळीच बसवू नकोस. मारणाऱ्याची भूमिका मिळालेलं मूल ती मजेने करतं, आणि वर्गात आधीच एकटं पडलेल्या मुलाच्या वाट्याला दुसरी येते.

रवांडातल्याच न्यांगे इथल्या शाळेची घटना नंतरची, १९९७ ची. हल्लेखोरांनी हुतू-तुत्सी वेगळे व्हा म्हणून दरडावलं, विद्यार्थ्यांनी नकार दिला आणि काहींचा त्यात जीव गेला. ही गोष्ट जरूर सांग, पण अगदी शेवटी सांगून तास गोड करू नकोस. त्यानंतर न्यायाचं बोल: टांझानियातल्या आरुशाचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण, १९९८ मध्ये तिथे माजी महापौर अकायेसूला वंशसंहारासाठी झालेली शिक्षा, गावकऱ्यांनीच चालवलेली गावोगावची गचाचा न्यायालयं.

आणि या धड्यावर ‘किती माणसे मारली गेली?’ असा एका गुणाचा प्रश्न काढू नकोस. कुणी, कधी, काय ठरवलं आणि त्या वेळी वेगळं काय ठरवता आलं असतं, हे विचार. उत्तरं लांबतील, तपासायला वेळ लागेल. एक-दोन वह्या मलाही पाठव.

तुझ्या,
बाई