मेशलेस पद्धतींवर पीएच.डी. करू का?

प्रश्न: मी गणितात एम.एस्सी. करते आहे. त्रिमितीय सीमामूल्य समस्या (सीमेवरच्या अटी दिल्यावर आतलं उत्तर शोधायच्या समीकरणांच्या समस्या) मेशलेस, म्हणजे जाळं न पाडता नुसत्या बिंदूंवर चालणाऱ्या पद्धतींनी सोडवण्यावर पीएच.डी. कर, असं सर सुचवतात. नोकरीच्या जाहिरातींत मात्र सगळीकडे फायनाइट एलिमेंट (वस्तूचे जाळ्यासारखे छोटे तुकडे पाडून गणित करण्याची पद्धत) हेच दिसतं. पुढे अडकेन का?

उत्तर: विषय जरूर घे, पण फायनाइट एलिमेंट आधी पक्की शिकून घे. जाहिरातींबद्दल तू म्हणतेस ते खरंच आहे. उद्योगातली बरीचशी सॉफ्टवेअर त्यावरच चालतात. शिवाय वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूत जाळं पाडताना किती वेळ जातो, भेग पुढे सरकली की ते पुन्हा कसं पाडावं लागतं, हे स्वतः केल्याशिवाय नुसत्या बिंदूंवर काम करण्याची गरज का पडली ते उमगणार नाही.

मग महिनाभर एक प्रयोग करून बघ. एका घनात, उत्तर आधीच माहीत असलेलं पॉयसाँ समीकरण (उष्णता, विद्युतविभव अशा गोष्टींचं एक मूलभूत समीकरण) घे आणि कान्सा यांनी १९९० मध्ये मांडलेल्या रेडियल बेसिस फंक्शनच्या (ज्याची किंमत फक्त केंद्रबिंदूपासूनच्या अंतरावर ठरते अशा फंक्शनच्या) पद्धतीने सोडव. कोड पान-दोन पानांत बसतो. यात प्रत्येक बिंदू प्रत्येकाशी जोडलेला असतो, म्हणून १०,००० बिंदू घेतलेस की मॅट्रिक्समध्ये १० कोटी नोंदी होतात, म्हणजे डबल प्रिसिजनमध्ये (एका नोंदीला ८ बाइट) सुमारे ८०० एमबी. तिन्ही दिशांना बिंदू दुप्पट कर. बिंदू आठपट होतील, मेमरी ६४ पट. आता शेप पॅरामीटर (फंक्शन किती टोकदार की पसरट ते ठरवणारा आकडा) बदलत फंक्शन सपाट करत जा. चूक आधी झपाट्याने घटते, मग कंडिशन नंबर (छोटी चूक उत्तरात किती फुगू शकते ते सांगणारा आकडा) इतका वाढतो की उत्तर डोळ्यांदेखत बिघडतं. हे बघताना ‘असं का?’ म्हणून रात्री जागावंसं वाटलं, तर हा विषय तुझाच आहे.

यावरचा एक उपाय म्हणजे प्रत्येक बिंदूला फक्त जवळच्या काही बिंदूंशी जोडणं. मॅट्रिक्स विरळ होतं, म्हणजे बहुतेक नोंदी शून्य होतात, पण सीमेजवळ अचूकता सांभाळावी लागते. विरळ मॅट्रिक्स, प्रीकंडिशनर (समीकरणं लवकर सुटावीत म्हणून त्यांचं रूप आधी बदलून घेण्याचं तंत्र), सी प्लस प्लस आणि समांतर प्रोग्रॅमिंग ही शिदोरी उष्णता, द्रवगतिकी, विद्युतचुंबकीय सिम्युलेशन अशा कुठल्याही कामात उपयोगी पडते. मेशलेस म्हणजे निव्वळ कागदी गणित, असंही समजू नकोस: १९७७ मध्ये खगोलभौतिकीसाठी मांडलेली एसपीएच पद्धत (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स, जाळ्याऐवजी कणांवर गणित करणारी) आज एलएस-डायनासारख्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये आहे.

नोंदणीआधी सरांना दोन गोष्टी विचार: समस्या नेमकी कोणती, आणि तिच्यावर फायनाइट एलिमेंटशी वेळ, मेमरी व अचूकतेची तुलना करायची का? दुसऱ्या प्रश्नाला ‘गरज नाही’ असं उत्तर आलं, तर विषय तोच ठेवून दुसरे मार्गदर्शक शोध.