वाचक विचारतात : गंधक आणि १३:००:४५ एकाच खोलीत?

प्रश्न : घराला लागून पत्र्याची खोली आहे. तीत १३:००:४५ या खताच्या पिशव्या, द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आणलेली गंधकाची पोती आणि कोळसा ठेवतो. शेजारी म्हणतात, ही तर बंदुकीची दारू! खरं का? (द्राक्ष बागायतदार, अथणी तालुका)

उत्तर : शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. जिन्नस तेच, पण बंद पोती जवळजवळ ठेवल्याने दारू होत नाही. पोतं उसवून माल एकमेकांत मिसळला, की खरा धोका.

१३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपला शोरा. तो स्वतः जळत नाही, पण आगीत तापला की ऑक्सिजन सोडतो आणि शेजारचं जळतं ते भडकवतो. गंधक ११५ अंशांच्या आसपास वितळतं आणि पेटतं वाहत दुसऱ्या थप्पीखाली शिरतं. उन्हात त्याची निळी ज्योत दिसतही नाही, आधी धूर नाकाला झोंबतो. हा विषारी धूर तुमच्या खोलीतून थेट घरात येणार.

तेव्हा घराच्या भिंतीला लागून यातलं काहीच नको. शोरा एका पक्क्या खोलीत, गंधक दुसऱ्या. मध्ये विटांची भिंत. कोळसा, डिझेल, कडबा, पाचट दोन्हींपासून लांब. शोऱ्याखाली लाकडी फळ्या घालू नका, प्लास्टिकचे पॅलेट घ्या : ओल लागली की शोरा विरघळून लाकडात मुरतो आणि असं लाकूड फार जोरात जळतं. गोणपाटाचंही तेच. सांडलेला शोरा लाकडाच्या भुशाने टिपायचा नाही. आणि केरसुणी-सुपली दोन्हीकडे वेगळी हवी. लोक खोल्या वेगळ्या करतात आणि झाडू एकच फिरवतात! गंधकाची भुकटी उडाली तर बारीक ठिणगीही पुरते.

आग लागलीच तर शोऱ्यावर वाळू टाकून भागत नाही, ऑक्सिजन त्याच्या आतच आहे. तिथे भरपूर पाणी लागतं. गंधकावर मात्र बारीक फवारा, जोराची धार मारली की भुकटी उडून भडका होतो. दोन्ही एकत्र पेटलं असेल तर विझवायला थांबू नका. घरं रिकामी करा, वारा जिकडून येतो त्या बाजूला जा, ११२ ला फोन लावा.

प्रश्न : दिवाळीत घराच्या ओट्यावर फटाक्यांचा स्टॉल लावता येईल? (निपाणी)

उत्तर : नाही. स्फोटके नियम २००८ प्रमाणे तात्पुरता स्टॉल न जळणाऱ्या साहित्याचा, वस्तीपासून किमान ५० मीटर आणि शेजारच्या स्टॉलपासून ३ मीटर लांब हवा. स्टॉल समोरासमोर नकोत, आणि परवाना आधी काढायचा.