कोल्हापुरात राहून एसओए आणि बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग कसं शिकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिवाजी विद्यापीठातून एमसीए झालंय, घर कागल तालुक्यात, वडील गावच्या दूध संस्थेत सचिव. पुण्याला जाण्याआधी सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर (एसओए, म्हणजे मोठी सिस्टिम एकमेकांना हाक मारणाऱ्या स्वतंत्र सर्व्हिसेसमधून उभी करणं) आणि प्रोसेस मॉडेलिंग (काम कसं चालतं ते चित्रात मांडणं) शिकायचंय. सुरुवात कुठून करायची, आणि मायक्रोसर्व्हिसेस (लहान, एकेकट्या चालवता येणाऱ्या सर्व्हिसेस) आल्यावर एसओए जुनं झालं का?

मी उद्यमनगरात बसून गेली अकरा वर्षं फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. तेव्हा जे सांगतोय ते वाळू-लोखंडाच्या वासाचं असणार, चालवून घ्या.

दुसरा प्रश्न आधी उरकतो. नाव जुनं झालंय, काम नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी एसओएच्या नावावर प्रचंड अवजड माल विकला. सोप (सर्व्हिसशी एक्सएमएलमध्ये बोलायची पद्धत), डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिस काय देते त्याचं वर्णन), त्यावर सगळ्या सर्व्हिसेसची जगभराची डिरेक्टरी व्हावी म्हणून यूडीडीआय. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅपने चालवलेली ती सार्वजनिक डिरेक्टरी २००६ च्या जानेवारीत बंदही झाली. प्रोसेस चालवायला बीपीईएल नावाची एक्सएमएल भाषा आली, तिची २.० आवृत्ती २००७ ची. ती हाताने लिहिणाऱ्याला मी कोपरापासून नमस्कार करतो. २०१४ पासून मायक्रोसर्व्हिसेस हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, पण सर्व्हिसची हद्द कुठे आखायची, दोघांमधला करार काय, मधेच काही पडलं तर निस्तरायचं कुणी, हे प्रश्न तेच राहिले. मुलाखतीत ‘एसओए म्हणजे सोप’ असं मात्र सांगू नका.

आता सुरुवात. माझी सुरुवात चुकली होती, तीच सांगतो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं काम मिळालं. मी मॅनेजरच्या एसी केबिनमध्ये बसलो, चहा झाला, त्यांनी प्रोसेस सांगितली: ऑर्डर, मोल्डिंग (साचा बनवणं), हीट (लोखंड वितळवणं), ओतकाम, नॉकआउट (साचा फोडून नग काढणं), शॉटब्लास्टिंग (छर्‍यांच्या माऱ्याने साफ करणं), फेटलिंग (जादा धातू काढून घासणं), तपासणी, डिस्पॅच. मी नऊ चौकोन काढले, मध्ये बाण मारले. साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते प्रिंट काढून भिंतीवर लावलं. त्याच नऊ चौकोनांचे आम्ही नऊ मॉड्यूल केले आणि त्यांना सर्व्हिस म्हणू लागलो.

महिन्याभरात स्टॉक जुळेना. शेवटी एका रात्री शेडमध्ये जाऊन उभा राहिलो, तेव्हा दिसलं की निम्मं फेटलिंग बाहेरच्या कंत्राटदाराकडे जातं. टेम्पो भरताना वजन होतं, किलोत. परत येताना सुपरवायझर मोजून घेतो, नगात. मधल्या मध्ये रनर-रायझर (ओतताना नगाला चिकटून राहिलेला जादा धातू) तुटलेले असतात, त्यामुळे वजनही जुळणार नसतं. आणि हा सगळा हिशेब काटा करणाऱ्याच्या खिशातल्या एका काळपट वहीत. आमच्या चित्रात ती वहीच नव्हती. केबिनमधल्या कुणालाच ती प्रोसेसचा भाग वाटली नव्हती.

त्या वहीने मला जे शिकवलं ते कुठल्या कोर्सने शिकवलं नाही. जिथे कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि जिथे माप बदलतं, तिथे सर्व्हिसची हद्द असते. मोल्डिंग ते शॉटब्लास्टिंग हा सगळा एकाच माणसाच्या जबाबदारीचा भाग होता, त्याचे पाच तुकडे करायचं काही कारण नव्हतं. बाहेरचं फेटलिंग ही मात्र खरी वेगळी सर्व्हिस. तिला एवढाच करार लागतो: इतके किलो गेले, हीट नंबर हा, इतके नग आले, इतके फुटले. आत तो कंत्राटदार ग्राइंडर कुठला वापरतो याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. पुस्तकात ‘लूज कपलिंग’ म्हणतात ते हेच. ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये एसओएचं एक रेफरन्स मॉडेल काढलं, छोटं आहे आणि फुकट मिळतं. त्यात सर्व्हिस वापरण्याचा हेतू ‘वास्तवात होणारा परिणाम’ असा धरलाय. नग परत आले, हा परिणाम. डेटाबेसमध्ये एक ओळ वाढली, हा नव्हे. नवी पोरं टेबलागणिक सर्व्हिस करतात, कस्टमर सर्व्हिस, आयटम सर्व्हिस, तेव्हा नेमकं हे सुटतं.

प्रोसेस काढायला बीपीएमएन शिका, म्हणजे प्रोसेसच्या चित्रांची ठरलेली चिन्हं. २.० आवृत्ती जानेवारी २०११ ची, पुढे २०१३ मध्ये तिला आयएसओचा दर्जाही मिळाला. मूळ दस्तऐवज पाचशेहून जास्त पानांचा आहे. तो वाचायचा नसतो, अडलं की उघडायचा असतो. दहा-बारा चिन्हांवर सगळं काम निघतं. कॅमुंडा मॉडेलर फुकट डाउनलोड होतो, किंवा ब्राउझरमध्येच बीपीएमएन डॉट आयओ उघडा.

दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिलं म्हणजे पूल. (पंचगंगेवरचा नव्हे, चित्रातली मोठी पट्टी.) एक पूल म्हणजे एक संस्था, त्यातल्या लेन म्हणजे तिच्यातली माणसं किंवा खाती. गिऱ्हाईक तुमचं ऐकत नाही, म्हणून तो तुमच्या पुलातली लेन नसतो, त्याचा पूल वेगळा. दोन पुलांमध्ये साधा बाण जात नाही, फक्त तुटक रेषेचा निरोप जातो. हा नियम रटाळ वाटतो, पण तुमचा हुकूम कुठे संपतो आणि विनंती कुठे सुरू होते, ते त्या तुटक रेषेवर दिसतं.

दुसरं म्हणजे शंकरपाळ्या, म्हणजे गेटवे. पोटात फुली असलेली शंकरपाळी म्हणजे अनेक वाटांपैकी एकच. पोटात अधिकचं चिन्ह असलेली म्हणजे सगळ्या वाटा एकदम. तपासणीनंतर मी फुलीने तीन वाटा काढल्या: ओके, डेव्हिएशनवर पास (थोडा फरक चालवून घेऊन), रिजेक्ट. पहिल्या दोन पॅकिंगच्या आधी परत एकत्र आणल्या, आणि तिथे चुकून अधिकची शंकरपाळी ठेवली. चित्र बघायला अगदी बरोबर. पण अधिकवाली शंकरपाळी दोन्ही वाटांनी कुणीतरी येईपर्यंत थांबते, आणि फुलीने तर एकालाच सोडलेलं. लॉट येऊन उभा राहिला की उभाच. इंजिनने (म्हणजे चित्र प्रत्यक्ष चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) एरर दिली नाही, लॉगमध्ये काही नाही, स्क्रीनवर फक्त ‘चालू आहे’. माल पॅक होऊन गिऱ्हाइकाकडे पोचला, आणि सिस्टिममध्ये सदतीस लॉट तपासणीच्या दारात ताटकळत. हे एकदा मुद्दाम स्वतः करून बघा. फ्लोएबल नावाचं ओपन सोर्स इंजिन आहे, त्यात चित्र चढवा आणि लॉट अडकवा.

वेळेचं चिन्हही शिका. जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) चलनावर पाठवलेला माल जीएसटी कायद्यानुसार एका वर्षात परत यावा लागतो (साचे, जिग, फिक्श्चर यांचा नियम वेगळा). नाही आला तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर बसतो. असा नियम कोडमध्ये कुठेतरी खोल पुरायचा नसतो. ‘बाहेर मशीनिंग’ या चौकोनाच्या कडेवर घड्याळ बसवायचं, अकरा महिन्यांचं. मग मालकालाही चित्र बघून कळतं, आणि अकाउंटंट तर खूशच होतो.

आता ज्या प्रसंगाने मी सर्व्हिस या शब्दाला घाबरायला शिकलो, तो.

वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू झालं. म्हणजे बिल आधी सरकारी पोर्टलकडे पाठवायचं, तिकडून ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड येतो, मग माल हलवायचा. आम्ही डिस्पॅचच्या स्क्रीनवर एक बटण दिलं. दाबलं की आधी आमचा गेटपास तयार, स्टॉक वजा, मग पोर्टलला हाक. एका संध्याकाळी गाडी भरून गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि पोर्टलचं उत्तर वेळेत आलं नाही. स्क्रीनवर लाल अक्षरात ‘पुन्हा प्रयत्न करा’. डिस्पॅचच्या पोराने केला. दोनदा.

थोड्या वेळाने वॉचमनचा फोन. “सायेब, गाडी एक आन पास तीन. शिक्का कुठल्यावर मारू?”

गाडीत २४० नग होते, स्टॉकमधून ७२० गेले होते. पोर्टलकडे मात्र बिल एकच होतं. कारण आयआरएन हवेतून येत नाही. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांतूनच तो गणिताने निघतो. तेच बिल दहा वेळा पाठवा, आयआरएन तोच, आणि पोर्टल ‘ड्युप्लिकेट’ म्हणून परत लावतं. पहिली हाक खरं तर पोचली होती, फक्त उत्तर वाटेत हरवलं होतं. एकच काम दोनदा सांगितलं तरी ते एकदाच व्हावं, याला आयडम्पोटन्स म्हणतात. सरकारच्या सर्व्हिसला ते होतं, माझ्या सर्व्हिसला नव्हतं. रात्री साडेदहापर्यंत बसून मी गेटपासला बिल नंबरची किल्ली लावली: या नंबरचा पास आधी निघालाय का? मग नवा नको, तोच दे. आणि ‘ड्युप्लिकेट’ ही एरर न मानता पोर्टलकडून त्याच बिल नंबरचा आयआरएन परत मागवायचा.

ह्याच कामात पुढचा धडा होता. एकदा बिलात दर चुकला. आयआरएन २४ तासांच्या आतच रद्द होतो, आणि त्यावर ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन कागद) चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. म्हणजे चढताना आधी आयआरएन मग ई-वे बिल, उतरताना बरोबर उलटं. रद्द केलेला बिल नंबर परत वापरता येत नाही. २४ तास उलटले तर रद्द विसरा, क्रेडिट नोट काढा. डेटाबेसमध्ये रोलबॅक म्हटलं की झालं-गेलं पुसलं जातं. सर्व्हिसेसच्या जगात पुसणं नाही, भरपाई आहे, आणि भरपाई ही स्वतंत्र प्रोसेस असते, तिलाही मुदती आणि अटी असतात. हा विचार हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्येच ‘सागा’ या नावाने मांडला होता. तुम्हाला जीएसटीचा नियम नीट कळला तर सागा अर्ध्या तासात कळेल. उलट्या बाजूने गेलात तर महिना जाईल, माझा गेला.

सर्व्हिसेसना एकाने चालवायचं (ऑर्केस्ट्रेशन) की आपापलं चालू द्यायचं (कोरिओग्राफी), यावरही वाद वाचायला मिळतील. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीपाशी उभा असतो, जाळ कमी कर, काहील उतरव, सगळं त्याच्या शब्दावर: ते ऑर्केस्ट्रेशन. दुधाचा टेम्पो चौकात हॉर्न देतो आणि ज्याचं त्याचं माणूस कॅन घेऊन निघतं, कुणी कुणाला सांगत नाही: ती कोरिओग्राफी. पैसे आणि कर गुंतलेत तिथे मला गुळव्या लागतो. बाकी ठिकाणी हॉर्न पुरतो. हे माझं मत, पुण्यातले लोक कदाचित वेगळं सांगतील.

तंत्राचा भाग कमी सांगतोय, कारण तो यूट्यूबवर मिळेल. आठवडाभर सोप हाताळा, सोपयूआय (सोप तपासायचं साधन) घेऊन एखादी डब्ल्यूएसडीएल वाचायला शिका, जुन्या सिस्टिममध्ये ते अजून भेटतं. मग रेस्ट (वेबवरून सर्व्हिसला हाक मारायची हलकी पद्धत), ओपनएपीआयमध्ये करार लिहिणं, आणि रॅबिटएमक्यूसारखी एखादी निरोपाची रांग. बस्स.

सराव मात्र ऑनलाइन शॉपिंगच्या कार्टवर करू नका. तुमच्या घरात सोन्यासारखी प्रोसेस आहे. गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध येतं, सभासदाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दरपत्रक, चिठ्ठी. दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्याची कपात. दूध संघाकडे गेल्यावर तिथे परत तपासणी, आणि फॅटमध्ये फरक आला की कुरबूर. शेतकरी, संस्था आणि संघ असे तीन पूल होतात. घड्याळ दहा दिवसांचं. आणि बिल वाटून झाल्यावर एखाद्याची नोंद चुकलेली निघाली तर पुढच्या बिलात वळती करतात, म्हणजे भरपाईही हजर.

दोन वेळच्या संकलनाला बाजूला उभ्या राहा, मोबाइल खिशात ठेवा आणि फक्त कागद कुठून कुठे जातो ते बघा. त्याआधी आज रात्री जेवताना वडिलांना एवढंच विचारा: संकलन चालू असताना लाईट गेली तर फॅट कशावर लिहितात, आणि ते कॉम्प्युटरवर कोण चढवतं, कधी? जे उत्तर येईल तो चित्रातला पहिला चौकोन.