हौद हिरवा झाला म्हणून पाणी सोडू नका

प्रश्न : औशाजवळ शेतात आमचं घर आहे. नातवंडांसाठी वीस बाय बारा फुटांचा, सरासरी चार फूट खोल पोहायचा हौद बांधलाय. लग्नसराईत आम्ही बाहेरगावी होतो, फिल्टरची मोटार बंद राहिली. आता पाणी हिरवंगार झालंय, तळ दिसत नाही. गड्यानं भरदुपारी किलोभर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, काही फरक नाही. मोरचूद टाकावं, की सगळं सोडून टँकरनं भरावं?
— नातवंडांची आजी, जि. लातूर

उत्तर : ताई, पाणी अजिबात सोडू नका. तुमच्या हौदात सुमारे 27 हजार लिटर पाणी आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात एवढं पाणी ओतून द्यायचं मला तरी सहन होत नाही. आणि ते वाया गेलेलंही नाही. त्यात शेवाळ आहे, ते मारून काढता येतं. शिवाय काळ्या मातीतला हौद रिकामा ठेवला की भिंतींना तडे जायची भीती असते.

पाणी तपासण्यातच माझी नोकरी झाली, म्हणून सांगते, टीसीएलचा गुण आला नाही त्याची कारणं बहुधा तीन. भर उन्हात क्लोरीन तास-दोन तासांत उडून जातो. पोतं जुनं असेल तर त्यातला जोर निघून गेलेला असतो. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो. तिसरं कारण पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की क्षारधर्मी ते दाखवणारा आकडा. आपल्या बोअरचं पाणी जड. पीएच 8 असेल तर टाकलेल्या क्लोरीनपैकी जेमतेम पावभाग कामाचा राहतो, 7.2 वर आणला तर दोनतृतीयांश.

म्हणून आधी पाला काढा, भिंती-तळ ब्रशनं घासा आणि किटनं पीएच बघा. जास्त असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड बादलीभर पाण्यात थोडं थोडं घालून हौदात सोडा, मोटार चालू ठेवून. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. त्या बादलीला टीसीएल लागता कामा नये, विषारी वायू निघतो. दोन्ही वस्तू ठेवायच्याही लांब लांब. हे गड्याला समोर उभं करून सांगा.

ॲसिड मिसळायला दिवसभर जाऊ द्या. दिवस मावळल्यावर ताजं टीसीएल, हजार लिटरला 60 ग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे साधारण 1.6 किलो. थोडं थोडं बादल्यांत कालवून चुना खाली बसू द्या आणि फक्त निवळी ओता. रात्रभर फिल्टर चालवा, दाब वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं फिरवून फिल्टर धुऊन काढा. सकाळी ग्रामपंचायतीत करतात तशी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, करा. पिवळा रंग आला नाही तर क्लोरीन शेवाळानं खाल्ला. संध्याकाळी पुन्हा तेच.

पाणी हिरव्याचं दुधट-राखाडी झालं की शेवाळ मेलं. मग तुरटी, हजार लिटरला 50 ग्रॅम, विरघळवून घाला, मोटार बंद करून रात्रभर सोडा. तळाशी बसलेला गाळ सावकाश ओढून बाहेर टाका, फिल्टरमधून नको.

मोरचूद नकोच. त्यातलं तांबं पाण्यात साठतं, भिंतींवर डाग पडतात.

खोल बाजूचा तळ काठावरून स्वच्छ दिसू लागला आणि क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅमवर आला, की पोरांना उतरवा.