उत्तर: मामांशी वाद घालाच, पण गारपीट मध्ये आणू नका

हवामान बदल माणसामुळे होतोय हे मामा मानत नाहीत, त्यांना कसं पटवू, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमच्याच घरातलं कुणी लिहिलंय की काय असं वाटलं. "७२ ला कुठे होत्या एवढ्या गाड्या? तरी दुष्काळ पडलाच ना?" हे तुमच्या मामांचं वाक्य मी आमच्या नानांच्या (थोरले चुलते) तोंडून शंभरदा ऐकलंय. फरक इतकाच, की नानांनी त्या दुष्काळात स्वतः खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्यामुळे त्यांच्यापुढे माझा आवाज आधीच खाली.

हरितगृह परिणाम (हवेतला कार्बन डायऑक्साइडसारखा वायू उष्णता धरून ठेवतो तो) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. मी हवामानशास्त्रज्ञ नाही, केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं आणि पुढचा जन्म द्राक्षबागेत गेला. चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

माझी घोडचूक सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने महाराष्ट्रात पिकं झोपवली, त्यात आमची बाग गेली. काढणी आठ दिवसांवर होती. त्या तिरमिरीत मी नानांना म्हणालो, "बघा, हाच तो हवामान बदल!" नाना शांतपणे म्हणाले, "गारा माझ्या लहानपणी पण पडायच्या." आणि खरंच होतं ते. अमुक गारपीट माणसामुळेच झाली असं छातीठोक सांगता येत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीचा २०२१ चा अहवालही गारांबद्दल हात राखूनच बोलतो, कारण जुन्या नोंदीच तुटपुंज्या. पुरावा जिथे सगळ्यात लंगडा, नेमकं तिथेच मी सगळं पणाला लावलं. मग दर थंडीत निफाडचा पारा घसरल्याची बातमी नानांकडून मला यायची, खाली एकच ओळ: "कुठाय तुझी तापमानवाढ?"

त्यावर कडी केली एका कचेरीने. नानांना आमच्या महसूल मंडळाचे (आसपासच्या गावांचा सरकारी गट) ३० वर्षांचे पावसाचे आकडेच दाखवू म्हणून मी तिथे खेपा घातल्या. नाव लिहीत नाही, अजून कामं पडतात. साहेब मीटिंगला, अर्ज दुसऱ्या टेबलाला, रजिस्टर सापडत नाही. चार महिन्यांनी झेरॉक्स मिळाल्या त्यात मधली सहा वर्षं गायब, आणि पर्जन्यमापक मधेच कधीतरी उचलून पत्र्याच्या शेडला चिकटून बसवलेला. नाना सोबत होते, तिथेच हसायला लागले. आदल्या हंगामात पीकविम्याचं विचारायला आलो तेव्हा याच टेबलावर ऐकवलं होतं, "केंद्रावर नोंदच नाही, काका. क्लायमेट चेंज आहे, आम्ही तरी काय करणार?"

घरी येताना माझी ट्यूब पेटली. नानांचा राग विज्ञानावर नव्हताच. त्यांच्या लेखी हवामान बदल म्हणजे साहेबाची सबब. नाला बुजवून प्लॉट पाडले आणि पाणी घरात शिरलं, तरी हवामान बदल! वेळेत पंचनामा झाला नाही, तरी तेच! याबाबतीत मी आजही नानांच्या बाजूने आहे. मामांचंही असलं काही जुनं दुखणं आहे का, ते आधी बघा.

वाद घालायचाच तर आपल्या गावचा पाऊस बाजूला ठेवा. हवेत वाढलेला कार्बन आला कुठून, एवढंच धरून बसा. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआला मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ होता. आता ४२० च्या वर. ज्वालामुखींचं म्हणाल, तर वर्षभरात ते सोडतात ते आपल्या धुराच्या साधारण एक टक्का, किंवा त्याहूनही कमी. शिवाय कार्बनची जात ओळखता येते, कारण त्याचे अणू हलके-जड अशा वेगवेगळ्या वजनाचे असतात. झाडं हलका कार्बन-१२ जास्त उचलतात आणि कोळसा म्हणजे जुनी झाडंच. कार्बन-१४ हा काळाबरोबर आपोआप नष्ट होतो, तो तर त्यात उरलेलाच नसतो. हवेत नेमका याच जातीचा कार्बन मिसळत चाललाय. नानांना हे मी डेअरीच्या भाषेत सांगितलं: दुधाची डिग्री घसरली की पाणी घातलेलं कळतं, घालताना कुणी बघितलं नसलं तरी. त्या दिवशी पहिल्यांदा ते गप्प बसले.

"सूर्यच तापलाय" यालाही उत्तर आहे. तसं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खाली तापतंय आणि वरचा थर, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय.

७२ ला एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपला पाऊस बऱ्याचदा कमी होतो, तो नैसर्गिक प्रकार) होता, ते सरळ कबूल करा. गंजी विजेनेही पेटते, म्हणून बिडी फेकणाऱ्याला कुणी सोडत नाही. आणि "तापमान मोजणारी यंत्रंच बोगस" म्हणाले तर रिचर्ड मुलरचं नाव सांगा. हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ स्वतः शंकेखोर होता. जगभरच्या नोंदी त्याने नव्याने तपासल्या आणि २०१२ मध्ये जाहीर कबूल केलं, की तापमानवाढ खरी आणि ती जवळपास सगळी माणसामुळेच.

हे सगळं फॅमिली ग्रुपवर मात्र नको, हे माझं वैयक्तिक मत. व्याही-जावई वाचत असताना कुठलाच मामा माघार घेत नाही. रात्री ओट्यावर बोला.

अवांतर: नानांनी आता स्वतःचा पर्जन्यमापक आणलाय. मोकळ्या अंगणात, पत्र्यापासून लांब. रोज सकाळी साडेआठला मिलिमीटर कॅलेंडरवर लिहितात. ते आकडे विम्याच्या कुठल्या दाव्यासाठी चालतील असं समजू नका, आम्ही नेऊन बघितलेत.